एकाच गाडीला दोनदा कॅटकॉन

माझ्या गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाच्या धुरातले विषारी घटक कमी करणारा डबा, गॅरेजच्या भाषेत कॅटकॉन, मी दोनदा बदलला. पहिल्यांदा निवड करायला एक फोन पुरला. दुसऱ्यांदा अडीच महिने गेले, आणि त्यातला बहुतेक वेळ कॅटकॉन सोडून भलत्याच गोष्टी तपासण्यात गेला.

गाडी अकरा वर्षांची, चार सिलेंडरची, पेट्रोलची. एक दिवस डॅशबोर्डवर पिवळा इंजिनाचा दिवा लागला. स्कॅनर लावला तर कोड पी०४२०. मेकॅनिकने पडद्याकडे धड बघितलंसुद्धा नाही. "मॅडम, कॅटकॉन गेला. बदलून टाकू." ओरिजिनलचा आकडा ऐकून माझा चेहरा पडला असणार, कारण लगेच त्याने युनिव्हर्सल सुचवला. दोन्ही टोकांना नुसता पाइप, कुठल्याही गाडीला कापून वेल्डिंग करायचं, ओरिजिनलच्या पाचव्या हिश्शात काम. त्याने कॅलिपरने पाइपचा व्यास मोजला, फोनवर सांगितला, संध्याकाळी डबा हजर. इंजिन किती सीसीचं, गाडी कुठल्या उत्सर्जन मानकाची, हे फोनच्या पलीकडच्याने विचारलं नाही आणि अलीकडच्यांनी सांगितलं नाही. दिवा विझला. मी पैसे वाचल्याच्या आनंदात घरी.

सात महिन्यांनी तोच दिवा, तोच कोड.

या वेळी मी दुसऱ्या गॅरेजात गेले. तिथले काका वयस्कर, बोलणं कमी. कोड बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो कॅटकॉनबद्दल नव्हताच. "ऑइल किती खाते गाडी?" मला माहीत नव्हतं. सर्व्हिसिंगच्या वेळी बदलतात तेच, तेवढंच. "आणि दिवा आधी कधी लुकलुकत होता का? नुसता लागलेला नाही, लुकलुकणारा?" इथे मात्र आठवलं. पहिला कॅटकॉन जायच्या आधी गाडी मिसिंग करत होती. चढावर झटके द्यायची आणि दिवा उघडझाप करायचा. तशीच मी ती आठवडाभर चालवली होती. मग एक इग्निशन कॉइल बदलली, झटके थांबले, मी विसरून गेले.

काकांनी मान हलवली. लुकलुकणारा दिवा म्हणजे पाय काढ आणि गाडी बाजूला घे. ज्या सिलेंडरमध्ये ठिणगी पडत नाही तिथलं पेट्रोल जसंच्या तसं सायलेन्सरच्या वाटेला लागतं आणि तापलेल्या कॅटकॉनमध्ये जाऊन जळतं. एरवी चारशे ते आठशे अंश सेल्सियसच्या आसपास राहणारं आतलं तापमान मग हजाराच्या खूप वर गेलं की आतली सिरॅमिकची जाळी वितळायला लागते. माझा ओरिजिनल मीच मारला होता. तो नशिबाने माझ्याकडेच होता, मेकॅनिक "ठेवू का इथेच?" म्हणाला होता आणि का कोण जाणे, मी नको म्हटलं होतं. काकांनी त्याच्या तोंडातून टॉर्च मारला. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक चौकटींची जाळी एका बाजूने मेणासारखी वितळून थिजली होती.

आता प्रश्न हा की नव्याला काय झालं? त्याच्या वाट्याला तर मिसिंग आलंच नव्हतं.

पी०४२०चा अर्थ 'कॅटकॉन बदला' असा नाही, हे मला त्या दिवशी कळलं. अर्थ एवढाच: पहिल्या बँकच्या (सिलेंडरांच्या पहिल्या रांगेच्या) कॅटॅलिस्टची कार्यक्षमता ठरलेल्या मर्यादेखाली आहे, असं कॉम्प्युटरला वाटतं. वाटतं म्हणते, कारण धुरात काय आहे ते कॉम्प्युटर थेट मोजत नाही. त्याच्याकडे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात, एक कॅटकॉनच्या पुढे, एक मागे. एक किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा, या प्रमाणाभोवती इंजिन सतत थोडं इकडे, थोडं तिकडे झुलत असतं. त्यामुळे पुढच्या सेन्सरचं व्होल्टेज ०.१ ते ०.९च्या दरम्यान लाटेसारखं वरखाली होतं. (नव्या पुष्कळ गाड्यांत पुढचा सेन्सर वेगळ्या जातीचा असतो, तिथे ही लाट अशी दिसत नाही. माझी गाडी जुन्या वळणाची.) कॅटकॉनच्या आत सिरियम ऑक्साइड असतं. हवा जास्त झाली की ते ऑक्सिजन धरून ठेवतं, पेट्रोल जास्त झालं की सोडतं. म्हणून चांगल्या कॅटकॉनच्या मागे लाट पोचतच नाही. मागचा सेन्सर ०.६-०.७च्या आसपास संथ राहतो. साठवण संपली की मागचा सेन्सर पुढच्याची नक्कल करायला लागतो आणि दिवा लागतो.

म्हणजे कॉम्प्युटर परीक्षा घेतो ती ऑक्सिजन साठवण्याची. प्लॅटिनम आणि पॅलेडियम कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल जाळतात, र्‍होडियम नायट्रोजनची ऑक्साइडं मोडतो, ही खरी कामं वेगळीच. पण परीक्षेत गुण साठवणीला. आणि पाइपचा व्यास मोजून आणलेल्या डब्यात साठवण किती, ते मोजायला कॅलिपर उपयोगाचा नाही.

हे सेन्सरचं आणि कॅटकॉनचं लग्न तसं जुनं आहे. अमेरिकेत १९७५च्या मॉडेलांपासून कॅटकॉन सर्रास बसू लागले, पण ते फक्त जाळण्याचं काम करायचे. १९७६ साली बॉशचा लॅम्डा सेन्सर, म्हणजे हाच ऑक्सिजन सेन्सर, व्होल्वोच्या गाडीत आला आणि मिश्रण इतकं नेमकं धरता येऊ लागलं की एकाच डब्यात तिन्ही विषारी घटकांचा बंदोबस्त व्हायला लागला. तेव्हापासून एकाचं दुखणं दुसऱ्याच्या तोंडून कळतं.

काकांनी फोनवर दोन्ही सेन्सरच्या रेषा लावून दिल्या आणि मला शेजारी बसवून गाडी चालवली. मागची रेषा पुढचीला सावलीसारखी चिकटलेली. "सेन्सरच बिघडला असेल तर?" मी आशेने विचारलं, सेन्सर खूपच स्वस्त. त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला, मागचं व्होल्टेज झटकन वर. उतारावर पाय सोडला, पेट्रोल बंद झालं, ते शून्याजवळ आलं. सेन्सर ठणठणीत, खरं तेच सांगत होता.

मग गळती. कॅटकॉनच्या आधी कुठे बारीक फट असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर फसतात. थंड इंजिन सुरू करून सायलेन्सरच्या तोंडावर जाड फडकं क्षणभर दाबलं आणि कान देऊन ऐकलं. फुसफुस नाही. मग पुढचा सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावला. रिकाम्या चालीवर दीड पीएसआयच्या आत, अडीच हजार आरपीएमला तीनच्या आत असेल तर वाट मोकळी समजायची. माझ्याकडे दोन्ही वेळा काटा खालीच राहिला. रबरी हातोड्याने ठोकून पाहिलं, आत खुळखुळ नाही. तुंबलेला नाही, फुटलेला नाही, फक्त निकामी. पिकअप का कमी झाला नव्हता त्याचं उत्तर मिळालं.

राहता राहिलं ऑइल. काकांनी डिपस्टिक माझ्या हातात दिली, वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरलं आणि म्हणाले, "हजार किलोमीटर झाल्यावर या. तोवर काही विकत घेऊ नका." मला हे वेळकाढूपणाचं वाटलं. हजार किलोमीटरनंतर डिपस्टिकवर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली होतं. साधारण लिटरभर गेलं होतं आणि जमिनीवर एक थेंब नव्हता. सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर निळसर धुराचा एक भपका यायचा, तो मी थंडीची वाफ समजत होते. व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल आत झिरपू न देणारे व्हॉल्व्ह स्टेम सील कडक झाले होते, शिवाय इंजिनाच्या खालच्या पेटीतली (क्रँककेसची) वाफ परत इंजिनात नेणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह अडकलेला. इंजिन ऑइलमध्ये झीज रोखायला जस्त आणि फॉस्फरसचं संयुग घातलेलं असतं. असं ऑइल जळलं की फॉस्फरस जाऊन कॅटकॉनच्या थरावर बसतो. जाळी दिसायला धड, पण धातूपर्यंत धूर पोचतच नाही. शिसं घातलेल्या पेट्रोलनेही हेच व्हायचं, म्हणून तर कॅटकॉन आले तिथे ते पेट्रोल जावं लागलं.

युनिव्हर्सल काढल्यावर त्याच्या तोंडाशी करड्या राखेचा थर बसलेला दिसला. वितळलेलं काही नाही. एकाच गाडीत दोन कॅटकॉन दोन वेगळ्या रोगांनी गेले होते आणि दुसऱ्या रोगाची साथ घरात असतानाच मी नवा आणून बसवला होता.

पण सगळा दोष ऑइललाही देता येत नाही. टॉर्च दुसऱ्या टोकाने मारला तेव्हा लक्षात आलं की बाहेरचा डबा लांब, आतली जाळीची वीट मात्र ओरिजिनलच्या निम्मी. शिवाय जागा नव्हती म्हणून पहिल्या गॅरेजने तो ओरिजिनलच्या जागेपासून वीतभर खाली वेल्ड केला होता. कॅटकॉन साधारण अडीचशे-तीनशे अंशांना कामाला लागतो. इंजिनापासून जितका लांब तितका उशिरा तापतो, आणि थंड इंजिनाचा धूरच सगळ्यात घाण असतो. माझी रोजची फेरी दहा मिनिटांची. त्यातली किती मिनिटं तो जागा असायचा कोण जाणे.

सील आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह बदलले. पुन्हा हजार किलोमीटर. डिपस्टिकवर फरक जेमतेम. तेव्हा कुठे काका म्हणाले, "आता बघा डबा."

बघायला लागले तर पर्याय बरेच निघाले. एक ओळखीचा म्हणाला, "कशाला भानगड? आतलं फोडून काढ, मागच्या सेन्सरला स्पेसर लाव, दिवा लागणार नाही." स्पेसर म्हणजे सेन्सरला धुराच्या वाटेतून थोडं मागे ओढणारा नट. लाट बोथट होते, कॉम्प्युटर गप्प बसतो. बऱ्याच देशांत हे बेकायदा आहेच, पण मला त्यातली लबाडी जास्त बोचली. दुखतंय म्हणणाऱ्याचं तोंड बांधायचं हा उपाय झाला? आणि मागून येणाऱ्यांच्या नाकात तो धूर जाणारच.

वापरलेला ओरिजिनल, जुन्या गाड्या तोडणाऱ्याकडून. याचा मोह मला खरंच झाला. पण माझ्याच वितळलेल्या ओरिजिनलकडे बाहेरून बघितलं तर तोही झकास दिसतो. तोडलेली गाडी ऑइल खात होती की मिसिंग करत होती, कोण सांगणार? स्पोर्ट्सवाले धातूच्या पत्र्याची जाळी घेतात, चौरस इंचाला शंभर-दोनशे भोकांची. नेहमीच्या सिरॅमिकमध्ये चारशे किंवा जास्त असतात. भोकं कमी म्हणजे धूर मोकळा जातो, पण त्याला लागणारा पृष्ठभागही कमी. दिव्याशी माझं आधीच वाकडं, तेव्हा तो विचार तिथेच सोडला.

उरले दोन: कंपनीचा ओरिजिनल, किंवा त्याच मापाचा, फ्लँज-ब्रॅकेटसकट थेट बसणारा, दुसऱ्या कंपनीने बनवलेला चांगला आफ्टरमार्केट.

इथे मला सगळ्यात जास्त शिकवलं ते बॉनेटखालच्या एका मळक्या स्टिकरने. ओल्या फडक्याने पुसल्यावर त्यावर इंजिनाचा प्रकार आणि गाडी कुठल्या उत्सर्जन मानकाला उतरते ते निघालं. विक्रेते विचारतात मॉडेल आणि साल. पण माझ्या मॉडेलमध्ये त्याच वर्षी दोन प्रकार निघाले होते. एकाला एकच कॅटकॉन, दुसऱ्याला मॅनिफोल्डजवळ (सिलेंडरांतला धूर जिथे एका पाइपात गोळा होतो तिथे) एक आणि जमिनीखाली आणखी एक. चेसिस नंबरवरून पार्ट नंबर काढला तर शेवटचं अक्षर पहिल्या दोन विक्रेत्यांनी सांगितलेल्या नंबरपेक्षा वेगळं. एकाने ठासून सांगितलं, "मॅडम, सेमच आहे, बसतो." बसतो यावर माझा आता विश्वास होता. बसण्याचा प्रश्नच नव्हता.

आफ्टरमार्केटमध्ये मी तीन गोष्टी मागायला लागले. एक, अंगावर कोरलेला मंजुरीचा क्रमांक. युरोपीय पद्धतीत वर्तुळातला ई आणि संयुक्त राष्ट्रांच्या १०३ क्रमांकाच्या नियमाखालची मंजुरी. कॅलिफोर्नियासाठी तिथल्या हवा मंडळाचा आदेश क्रमांक. चिकटवलेला कागद नको, धातूवर ठोकलेला क्रमांक हवा, कारण कागद कोणीही चिकटवतो. आणि नुसता क्रमांक असून भागत नाही: त्या मंजुरीच्या यादीत माझ्या इंजिनाचं नाव हवं. एका विक्रेत्याने क्रमांक दाखवला, यादी काढली, तर ती भलत्याच इंजिनाची. दोन, सेन्सरच्या भोकांची संख्या आणि जागा. फोटोत एकसारखे दिसणाऱ्या दोन डब्यांत एकाचं मागचं भोक उलट्या बाजूला होतं. सेन्सरची वायर तिथवर पोचलीच नसती. तीन, वॉरंटीचा कागद, आधी. नंतर नाही.

वॉरंटी वाचताना कळलं की ती दोन प्रकारची असते, पत्र्याची वेगळी आणि आतल्या कामाची वेगळी. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने १९८६ साली आफ्टरमार्केटसाठी घातलेली अटही अशीच दुहेरी आहे: पत्र्याला ५ वर्षं किंवा ५०,००० मैल, पण धूर साफ करण्याला फक्त २५,००० मैल. विक्रेता तोंडाने सांगतो तो नेहमी मोठा आकडा. आणि खाली बारीक अक्षरात: इंजिन ऑइल खात असेल, मिसिंग करत असेल तर काहीच लागू नाही. म्हणजे काकांनी आधी विचारलेलाच प्रश्न वॉरंटी शेवटी विचारते.

एका विक्रेत्याला मी आतल्या विटेची लांबी विचारली. तो हसला. म्हणाला, इतक्या वर्षांत कोणी विचारली नव्हती. पण त्याने डबा उघडून टॉर्च मारून दिला आणि पट्टी लावून मोजूही दिलं. वीट ओरिजिनलपेक्षा थोडी लहान, पण निम्मी नक्कीच नाही. मंजुरीच्या यादीत माझं इंजिन होतं. घेतला. ओरिजिनल घ्यायला हवा होता का? गाडी आणखी दहा वर्षं ठेवायची असती तर मी तोच घेतला असता. चार-पाच वर्षांच्या हिशोबाला हा पुरेसा वाटला.

बसवण्यात अर्धा दिवस गेला तो गंजलेल्या बोल्टांपायी. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं, तरी मॅनिफोल्डचा एक स्टड तुटलाच. जुन्या गॅस्केट परत वापरायच्या नाहीत; आणि गळती थांबवायला सिलिकॉनचा लेप तर मुळीच नाही, सिलिकॉन सेन्सरला विषासारखं. सेन्सरच्या आट्यांना अँटिसीझ, म्हणजे आटे अडकू न देणारा लेप, लावला तेव्हा काकांनी टोकाला बोट लागू दिलं नाही. सगळे नट आधी नुसते हाताने धरले, डबा त्याच्या ब्रॅकेटवर निवांत बसल्यावर पुढून मागे कसत नेले. आधीच एक टोक आवळलं की ओढ सिरॅमिकवर येते.

पहिल्यांदा सुरू केल्यावर त्यातून जळका वास आणि थोडा धूर आला. मी दचकले. सिरॅमिकची वीट आणि पत्रा यांच्यामध्ये तापल्यावर फुगणारी एक चटई असते. ती फुगली की वीट घट्ट धरली जाते. म्हणून पहिली काही मिनिटं रिकाम्या चालीवर, मग थोडा वेळ अडीच हजार आरपीएम, मग पूर्ण थंड होऊ द्यायचं. पहिल्याच फेरीत पाय दाबायचा नाही.

दिवा विझवणं म्हणजे काम झालं असं नाही, हे मी आता पुरतं शिकले होते. कोड पुसला की कॉम्प्युटर सगळ्या चाचण्या पहिल्यापासून घेतो, आणि कॅटॅलिस्टची चाचणी बऱ्याचदा शेवटी उरते. थंड इंजिन, मग एका वेगाने लांब पल्ला, असे काही दिवस. स्कॅनरवर 'अपूर्ण' दिसत होतं ते चौथ्या दिवशी 'पूर्ण' झालं. मागची रेषा ०.६५च्या आसपास, तळ्यासारखी. पुढची खाली-वर धापा टाकतेय आणि ही ढिम्म.

आता वर्ष होत आलं. डिपस्टिक दर पंधरा दिवसांनी बघते, ऑइल जागेवर आहे.

मेलेले दोन्ही डबे बरेच दिवस घरात होते. शेवटी भंगारवाल्याकडे नेले. त्याने ओरिजिनल उचलला, अंगावरचा क्रमांक घासून वाचला, फोनवर कोणाला तरी सांगितला आणि न मागता बरा आकडा बोलला. आत वितळलाय म्हटलं, तरी हरकत नाही, धातू तर आतच आहे म्हणाला. मग युनिव्हर्सल हातात घेतला, टॉर्च मारला, फिरवून फिरवून क्रमांक शोधला. सापडला नाही. "हा लोखंडात," म्हणाला आणि शेजारच्या ढिगावर टाकला.